खळ: पाचवीच्या वर्गासाठी आणि आईंच्या वहीसाठी (प्रकल्प नोंदी)

७ जुलै २०२४, रविवार

पाचवीच्या दोन तुकड्या, एकेका तुकडीत चाळीस मुलं. कार्यानुभवाच्या तासाला चिकटवायचं सामान आणा म्हटलं की निम्मी आणतात आणि निम्मी शेजारच्याच्या बाटलीत बोट घालतात. तास संपतो तेव्हा बाटल्या रिकाम्या आणि बाकं पांढरी. यंदा मुलांना घरच्या डब्यांतल्या जिन्नसांची खळ करायला शिकवायची, हे जूनमध्येच ठरवलं. ऑक्टोबरात आकाशकंदील करायचे आहेत, तोवर कृती हातात बसायला हवी.

दुसरं काम घरचं. आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, पाककृतींची वही. पुठ्ठा सुटलाय, मधली अठरा-वीस पानं शिवणीतून निघालीत आणि साटोऱ्यांचं पान उभं फाटलंय. त्या फाटीवर बारा वर्षांपूर्वी मीच सेलोटेप लावली होती. आज वही उघडली तर पट्टी तपकिरी होऊन एका टोकाला उचकटलेली, आणि तिच्याखालचा कागद तुपाचा हात लागल्यासारखा पिवळा, आरपार दिसणारा. पट्टीनं कागद धरलाही नाही आणि सोडलाही नाही. तेव्हा मी समजत होते की मी वही वाचवतेय. ते मनाला फार लागलं.

दोन्ही कामांची नोंद एकाच ठिकाणी ठेवते. तपासणी अशी: ड्रॉइंग पेपरच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापायच्या, दोन पट्ट्यांची टोकं एक सेंटिमीटर एकमेकींवर घेऊन चिकटवायची, एक दिवस वाळवायची. मग ओढून बघायचं की जोड सुटतो की कागद फाटतो. वाकवून बघायचं. आणि ताटलीभर पाण्यात बुडवून बघायचं की किती वेळानं सुटते. हे शेवटचं वर्गासाठी नाही, वहीसाठी.

१० जुलै, बुधवार

मैद्यापासून सुरुवात. मैदा पाव वाटी, पाणी दीड वाटी, म्हणजे एकास सहा.

पहिली खेप वाया गेली. उकळत्या पाण्यात कोरडा मैदा घातला आणि गुठळ्या झाल्या. एक गुठळी फोडली तर आत पीठ कोरडं ठणठणीत. बाहेरचा थर गरम पाण्यात झटकन शिजतो आणि आतल्या पिठापर्यंत पाणी जाऊच देत नाही. दुसऱ्या खेपेला अर्ध्या वाटी गार पाण्यात मैदा कालवला, धिरड्याच्या पिठासारखा, आणि उरलेलं वाटीभर पाणी उकळल्यावर त्यात धार धरून सोडला. एका हातानं धार, दुसऱ्या हातानं डाव. गॅस मंद.

बघण्यासारखं इथेच आहे. दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, दुधाळ पाणी नुसतं फिरत राहतं. मग एकदम डाव जड लागतो. पांढरा रंग मावळतो, खळ किंचित काचेसारखी दिसायला लागते आणि पिठल्यासारखा बुडबुडा फॉक्क करून फुटतो. पिठातले स्टार्चचे कण साधारण साठ अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी पिऊन फुगायला लागतात, फुगून फुटतात आणि आतल्या लांब साखळ्या पाण्यात मोकळ्या होतात. कागदाच्या धाग्यांत त्या शिरतात आणि पाणी उडून गेलं की तिथेच धरून बसतात. कागद आणि स्टार्च दोन्ही मुळात ग्लुकोजच्याच साखळ्या, त्यामुळे एकमेकांना सहज धरतात. ही गोष्ट मुलांना सांगायची आहे.

बुडबुडे आल्यावर आणखी तीन मिनिटं ढवळत ठेवलं. लवकर उतरवली तर कच्च्या पिठाचा वास राहतो आणि चिकटही कमी येतो.

आई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "एवढा खटाटोप कशाला गं? आम्ही पाकिटं शितानं चिकटवायचो. जेवताना पानातली दोन शितं बाजूला ठेवायची, की झालं." मग स्वतःच म्हणाल्या, "पण शीत सारखं पसरत नाही हं. पाकिटावर उंचवटा यायचा. पोस्टमन हसायचा."

१४ जुलै, रविवार

मैद्याच्या पट्ट्या ओढल्या. पाचही वेळा कागद फाटला, जोड शाबूत. वाकवल्यावर मोडत नाहीत. पाण्यात वीस मिनिटांत अलगद सुटल्या, आणि सुटलेल्या जागी कागदाचं पापुद्र्याएवढंही नुकसान नाही.

याच आठवड्यात तांदळाचं पीठ, कॉर्नफ्लॉवर आणि साबुदाणाही करून पाहिला. तांदळाची खळ गुळगुळीत, पांढरीशुभ्र, वर्गासाठी चांगली. कॉर्नफ्लॉवरची गरम असताना छान दिसते, गार झाल्यावर मात्र कस्टर्डासारखी थिजून सुऱ्यानं कापावी लागते. साबुदाण्याची वेगळीच. रात्रभर भिजवून, मिक्सरमधून काढून, गाळून शिजवली. चकचकीत, तारा सुटणारी, आणि गार झाल्यावरही वाहती. कारण स्टार्चमध्ये दोन तऱ्हेच्या साखळ्या असतात, एक सरळ आणि एक फांद्यांची. सरळ साखळ्या गार होताना एकमेकींजवळ सरकतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात, म्हणून खळ थिजते. साबुदाण्यात सरळ साखळ्या गव्हा-मक्यापेक्षा कमी असतात. आमच्याकडे सुती साड्यांना साबुदाण्याची कांजी करायचे, ती चकाकी याचीच.

फ्रिजमध्ये खळ ठेवायची नाही. परवा मैद्याची ठेवली होती, आज वर पाणी सुटलंय आणि खाली रवाळ गोळा.

१९ जुलै, शुक्रवार

बाहेर ठेवलेली खळ तिसऱ्या दिवशी आंबली, पाचव्या दिवशी वर राखाडी लव. पुण्यातला आषाढ म्हणजे भिंतीसुद्धा ओल्या, पेजेसारख्या पदार्थाचं काय!

आईंना आठवतंय की अप्पा बळवंत चौकातले बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, खळ निळसर दिसायची. खरं आहे, मोरचुदानं बुरशी आणि कसर (कागद खाणारी कीड) दोन्ही दूर राहतात. पण मोरचूद म्हणजे तांब्याचं संयुग. ते विषारी आहे, त्यामुळे मुलांच्या हातात द्यायचा प्रश्नच नाही. शिवाय तांबं कागदाचे धागे हळूहळू कमकुवत करतं. तुरटीचंही तसंच: खळ टिकते, पण तुरटी आम्लधर्मी, वर्षानुवर्षांनी कागद तिच्यामुळे ठिसूळ होतो. वहीला दोन्ही नकोत.

बोहरी आळीतून लवंगेच्या तेलाची छोटी बाटली आणली. वाटीभर खळीत चार थेंब. उद्यापासून दोन भांड्यांत तुलना.

(२४ जुलैची भर: तेलाची खळ पाच दिवस चांगली राहिली, साधी दोनच. पण सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे लागेल तेवढीच करणं. दहा मिनिटांचं काम आहे.)

२१ जुलै, रविवार

दुधाची पाळी. दुधात तीन टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि गायीच्या दुधात त्यातलं सुमारे ८० टक्के केसीन. दूध नासवून हे केसीन वेगळं काढायचं आणि परत विरघळवायचं, की झाला सरसासारखा चिकट लगदा.

साय पूर्ण काढलेलं दूध दोन वाट्या घेतलं. स्निग्धांश राहिला तर चिकटपणा कमी होतो. बोटाला सोसेल इतकं कोमट करून दोन मोठे चमचे व्हिनेगर घातलं. पाणी हिरवट निवळ, चोथा खाली. फडक्यात बांधून दोनदा धुतला, घट्ट पिळला. चोथ्याचे दोन भाग केले. एका भागात चिमूटभर खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून घातला. फेस आला आणि घोटता घोटता खडबडीत चोथ्याची मऊ मलई झाली. दुसऱ्या भागात आईंच्या पानाच्या डबीतला चुना, हरभऱ्याएवढा. तोही मऊ झाला, पण अर्ध्या तासात वाटीतच घट्ट होऊ लागला, त्यामुळे घाई करावी लागली.

वर्गातली मोडलेली लाकडी फूटपट्टी चुन्याच्या केसीननं जोडून दोऱ्यानं आवळून ठेवली. पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानांचे लाकडी भाग केसीनच्या सरसानं जोडत असत, हे वाचून माहीत होतं. पण हातानं केल्यावर त्यावर विश्वास बसला.

निकाल २३ तारखेला: फूटपट्टी जोडावर नाही तर जोडाशेजारी मोडली. कागदाच्या पट्ट्या मात्र कडक, वेड्यावाकड्या. सोड्याची पट्टी तासाभरात पाण्यात सैल झाली. चुन्याची रात्रभर बुडवूनही सुटली नाही, ओढली तेव्हा कागदाचा थर घेऊनच निघाली. लाकडाला उत्तम. वहीला कदापि नाही.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. शाळेला सुट्टी. खडकवासल्यातून पाणी सोडलंय आणि सिंहगड रोडला एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलंय. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई तिकडेच तळमजल्यावर राहतात. दुपारपर्यंत फोन लागला नाही. संध्याकाळी लागला, माणसं सगळी सुखरूप आहेत.

आज काही केलं नाही.

२८ जुलै, रविवार

मराठीच्या बाईंकडे काल आम्ही चौघीजणी गेलो होतो, चिखल काढायला. निघताना त्यांनी पुस्तकांच्या तीन गोण्या दाखवल्या. "हे आता टाकूनच द्यायचं ना?" एवढंच म्हणाल्या. मी दोन गोण्या घरी आणल्या.

ओली पुस्तकं या हवेत दोन दिवसांत बुरशी धरतात, त्यामुळे सगळी एकदम हाताळणं शक्यच नव्हतं. जी लगेच घेता येणार नव्हती ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या फ्रीजरमध्ये ठेवली. गोठवली की बुरशी थांबते आणि आपल्याला वेळ मिळतो. बाकीची हॉलमध्ये पंख्याखाली. उन्हात ठेवायची नाहीत, पानं वाकडी होतात. दर दहा-बारा पानांनंतर कोरा कागद, दर दोन तासांनी तो बदलायचा.

या नोंदवहीत हे लिहायचं कारण पुढे आहे.

चकचकीत कागदाच्या फोटोंच्या पुस्तकाची पानं ओली असताना सुटत होती, तेवढी सोडवली. एक कोपरा वाळायला सुरुवात झाली होती, तिथे पानं विटेसारखी एकजीव झाली आणि आता कधीच सुटणार नाहीत. कागदावरचा गुळगुळीत लेप ओला होऊन स्वतःच चिकटवण्याचं काम करतो.

एका कोशाचा कणा कुणीतरी बाजारच्या पांढऱ्या डिंकानं सांधला होता. पाण्यानं तो डिंक विरघळला नाही, नुसता फुगून रबरासारखा पांढरा झाला. सोडवायला गेले तर प्रत्येक पानाची आतली कड घेऊन आला.

आणि एक जुनी छापील पोथी, बाईंच्या आजोबांची. कापडी कणा, सुती शिवण. ताटात ठेवून बोट लावलं तर कणा साय निघावी तसा निघाला. त्याखाली पातळ, बुळबुळीत थर: खळ. पाण्यात राहून ती परत पेज झाली होती. ओल्या कापसानं पुसली. दोरा कापला, पानांचे जुडगे एकेक करून वेगळे झाले, एकही कड फाटली नाही. छपाईची शाई जागच्या जागी. रात्री साडेअकरापर्यंत सगळी पानं दोरीवर.

मी बराच वेळ तिथेच बसून होते. ज्यानं हे बांधलं त्यानं कागदापेक्षा कमी जोराची, पाण्यात सुटणारी वस्तू वापरली होती. म्हणूनच आज हे पुन्हा बांधता येणार आहे. पाण्यात सुटणं हा खळीचा दोष म्हणून मी ७ तारखेला लिहिणार होते.

४ ऑगस्ट, रविवार

डिंक. थोडक्यात लिहिते. लाडवात घालतो तो बहुतेक धावड्याचा, तो पाण्यात नीट विरघळत नाही. चिकटवायला बाभळीचा हवा. एक भाग डिंक, दोन भाग पाणी, रात्रभर भिजवून सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळला. मधासारखा, स्वच्छ. शिजवायला नको, गुठळ्या नाहीत, आठवडाभर टिकतो. पण वाळल्यावर काचेसारखा तडकतो. मध घालून मऊ केला तर मुंग्या आल्या, ग्लिसरीनचे थेंब घालून प्रश्न सुटला. पाकिटाच्या कडेला लावून वाळवून ठेवायचा आणि हवा तेव्हा ओलं बोट फिरवायचं, या कामाला याच्यासारखा दुसरा नाही. महाग आहे, म्हणून वर्गासाठी नाही.

११ ऑगस्ट, रविवार

आईंच्या वहीच्या कण्यातून मोहरीएवढा पिवळट तुकडा सुटला होता. मूळ बांधणीचा. तो पांढऱ्या बशीत पाण्याच्या थेंबात भिजवला आणि वर औषधाच्या कपाटातलं आयोडीन, एक थेंब. तपकिरी थेंब तुकड्याच्या कडेनं जांभळा झाला, मग निळा, मग शाईसारखा काळा-निळा. स्टार्च. वही बांधणाऱ्यानंही खळच वापरली होती.

आईंना बशी दाखवली. चष्मा लावून खूप वेळ बघत होत्या. "माझ्या वडिलांनी बांधून घेतली होती ही, लग्नात द्यायला," म्हणाल्या. "पाच वह्या होत्या. चार कुठे गेल्या देव जाणे."

म्हणजे वहीला खळच. पण मैद्याची नको. मैद्यात स्टार्चबरोबर ग्लुटेन असतं. ते काळानं पिवळं पडतं, कडक होतं आणि कसरीला फार आवडतं. जुने कागद जपणारे लोक ग्लुटेन काढून टाकलेल्या, गव्हाच्या शुद्ध स्टार्चची खळ वापरतात. तो स्टार्च घरी काढायचा. गहू भिजवायचे, वाटायचे, पिळायचे, निवळायचं.

आईंना सांगायला लागले तर त्यांनी अर्ध्यातच थांबवलं. "अगं, हा कुरडयांचा चीक! वैशाखातलं काम श्रावणात काढलंस होय?"

१८ ऑगस्ट, रविवार

चीक. सगळं आईंच्या देखरेखीखाली.

बुधवारी रात्री दोन वाट्या लोकवन गहू भिजत घातले. रोज पाणी बदललं. कुरडयांना थोडा आंबूस वास चालतो, मला नको होता, म्हणून दिवसातून दोनदा बदललं. आज सकाळी दाणा दोन बोटांत दाबला तर दूध बाहेर आलं आणि साल हातात राहिली. "झालं," आई म्हणाल्या. मिक्सरमधून पाण्याबरोबर काढून, पिळून, आधी चाळणीतून आणि मग मलमलमधून गाळलं. चोथा पुन्हा पाणी घालून दोनदा पिळला. पातेलं झाकून ठेवलं. चार तासांनी वर पिवळसर पाणी आणि तळाशी चीक, चमचा घातला तर चमचाच उभा राहील असा दडस. वरचं पाणी ओतलं, ताजं घातलं, ढवळलं, पुन्हा निवळू दिलं. असं तीनदा. शेवटचं पाणी स्वच्छ निघालं.

पातेल्याच्या तळातला चीक बोटानं दाबला की टणक लागतो, आणि बोट सैल सोडलं की हळूच वाहतो. आईंनीही दाबून पाहिला. ऐंशीच्या जवळ आलेला तो हात पिठाच्या बाबतीत अजून माझ्यापेक्षा तरबेज आहे.

स्टीलच्या ताटात पातळ पसरून पंख्याखाली वाळवला. नंतरची भर: दोन दिवसांनी खरडून जेमतेम पाऊण वाटी पांढरी भुकटी निघाली, बोटांत धरली की करकरते. कुरडयांसारखं मीठ-हिंग अर्थातच नाही.

खळ: एक चमचा भुकटी, पाच चमचे पाणी, तासभर भिजत. अगदी मंद आचेवर पंचवीस मिनिटं, हात न थांबवता. थंड झाल्यावर मलमलमधून तीनदा घोटून गाळली. ती लोण्यासारखी झाली. हवी तशी पातळ करायला थेंब थेंब पाणी.

२५ ऑगस्ट, रविवार

आज चूक झाली, आणि ती पूर्ण माझी.

सुरुवातीच्या पानांवर पाणी लावून पाहिलं होतं, ती बॉलपेननं लिहिलेली, शाई हलली नाही. त्या भरवशावर साटोऱ्यांचं पान घेतलं. ते जुनं, शाईच्या पेननं लिहिलेलं आहे हे मी बघायला हवं होतं. खळ तांदळाच्या पेजेएवढी पातळ, कुंचला ओला. सेलोटेप उचकटलेल्या टोकाशी फाटीवरून एकदा फिरवला आणि अक्षरांच्या भोवती निळा ढग पसरायला लागला. टीपकागद दाबेपर्यंत तीन-चार सेकंद गेले असतील. एक ओळ गेली. "मोहन" हा शब्द राहिला, "कडकडीत" राहिला, पुढे निळा ढग.

आईंना लपवण्यात अर्थ नव्हता. पान घेऊन गेले, सांगितलं. त्यांनी पान हातात घेतलं, ढगावरून बोट फिरवलं. "वाळू दे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

१ सप्टेंबर, रविवार

पद्धत बदलली. प्रत्येक पानावर, प्रत्येक शाईच्या एका टिंबावर आधी ओल्या कापसाचं टोक टेकवायचं आणि टीपकागदावर दाबून बघायचं. कापूस निळा झाला तर ते पान "कोरडं" करायचं.

कोरडं म्हणजे असं. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून तिथल्यातला सगळ्यात पातळ कागद आणला. पट्टी कात्रीनं कापायची नाही. ओल्या कुंचल्यानं रेघ ओढायची आणि रेघेवर हलकेच फाडायची, म्हणजे कडेला धागे केसांसारखे सुटे राहतात. ते धागे पानात मिसळतात, बोटाला पायरी लागत नाही. खळ लोण्याएवढी घट्ट, पानाला न लावता पट्टीला लावायची. मग पट्टी टीपकागदावर पालथी न टाकता सुलटी ठेवून दोन मिनिटं थांबायचं, खळीवरची चकाकी गेली की उचलून फाटीवर. वरखाली जुन्या नायलॉनच्या साडीचे चौकोन, कारण खळ नायलॉनला धरत नाही. त्याबाहेर टीपकागद, पुठ्ठा आणि सगळ्यांवर पाटा. वरवंटा बाजूला ठेवलाय, पाटा चोवीस तास.

सहा पानं झाली. एकाचीही शाई हलली नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीचे दहा दिवस वहीचं काम बंद. मखराच्या झालरी तांदळाच्या खळीनं लावल्या. आज विसर्जन, झालरी ओल्या फडक्यानं पुसून मखर घडी घालून माळ्यावर.

२२ सप्टेंबर, रविवार

सेलोटेप. प्लॅस्टिक वाळून कडक झालंय, त्यामुळे ते सुरीच्या बोथट टोकानं सहज उचललं गेलं. पण त्याचा चिकट थर कागदात उतरलाय, पाण्यानं तो जात नाही. कोमट सुरीनं जेवढा खरवडता आला तेवढा काढला आणि थांबले. अजून घासलं असतं तर कागद गेला असता. पिवळा पट्टा राहणार. त्यावरून हातकागदाची पट्टी लावली.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला, वहीची पूजा केली नाही, ती पाट्याखाली होती.

आज शिवण. जुन्या भोकांतूनच, मेण फिरवलेल्या सुती दोऱ्यानं. नवीन भोक एकही पाडलं नाही. कण्यावर खळ, त्यावर मलमलची पट्टी, ती दोन्ही बाजूंना बोटभर बाहेर, आणि त्यावर मूळचाच पुठ्ठा. चिकाची भुकटी अजून अर्धी वाटी शिल्लक आहे. कोरडी आहे, डब्यात वर्षभर राहील.

मराठीच्या बाईंची पोथीही याच खळीनं बांधायला घेतली आहे. दिवाळीच्या सुट्टीत होईल.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

वर्ग. चाळीस मुलांना एका तुकडीला मैदा एक वाटी, पाणी सहा वाट्या पुरलं. आठ गट, प्रत्येक गटाला साधारण पाऊण वाटी. शिजवायचं काम मी इंडक्शनवर केलं, कालवायचं मुलांनी. डाव जड होतो त्या क्षणी एकेकाच्या हातात दिला, तो क्षण सांगून कळत नाही.

आधी आयोडीनचा प्रयोग. एका बशीत खळ, एका बशीत दुधाचं केसीन, एकेक थेंब. खळ निळी झाली तेव्हा मागच्या बाकापर्यंत "ओऽऽ" गेला. केसीन तपकिरीच राहिलं. "बाई, पोळीवर टाकलं तर?" एका मुलीनं डब्यातला तुकडा पुढे केला. टाकलं. निळा. तिनं तो तुकडा कागदात गुंडाळून घरी नेला, आईला दाखवायला. खायचा नाही असं दोनदा बजावलं.

कंदील बांबूच्या कामट्यांचे. पतंगी कागदाला खळ घट्टच हवी. पातळ लावली तर कागद लोळागोळा होतो आणि रंग हाताला लागतो. दोन गटांचं तसं झालं. त्यांनी ओला कागद सोडवला, कामट्या पुसल्या, पुन्हा लावला. सोडवता आला म्हणून तासाभरात त्यांचाही कंदील उभा राहिला. झिरमिळ्या मात्र सगळ्यांच्याच तिरक्या लागल्या, त्या मी तशाच राहू दिल्या.

२७ ऑक्टोबर, रविवार

उद्या वसुबारस. वही आज आईंच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर घेऊन सरळ उघडली आणि ती उघडी राहिली, पानं मिटायला धावली नाहीत. करंज्या, चिरोटे, अनारसे. मग साटोऱ्या.

निळ्या ढगाशी थांबल्या. "पेन्सिल दे."

मी एचबीची पेन्सिल दिली, शिसं पाण्यानं पसरत नाही. त्यांनी "कडकडीत"च्या पुढे, हातकागदाच्या पट्टीवर, सावकाश लिहिलं: "तूप दोन मोठे चमचे. दूध लागेल तसं. पीठ घट्ट भिजवून तासभर झाकावं."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तासभर मुळात लिहिलेलं नव्हतं मी. ते आता कळलंय."

पट्टीच्या खडबडीत कागदावर पेन्सिल चांगली उमटते. खवा मंगळवारी आणायचा आहे.